जांबावलीच्या गुलालात चौकोन का दिसतात?

कुशावतीकाठ (केपे)
यंदा गोव्यात जांबावलीला दामबाबाचा (दामोदर देवाचा) गुलाल आणि उत्सवातलं एक मराठी नाटक, दोन्ही मी एकाच कॅमेऱ्यावर घेतलं. १०८०, सेकंदाला २५ फ्रेम्स. आतेला गुडघ्यांमुळे आता येता येत नाही, तिच्यासाठी पेनड्राइव्ह करायचा आहे. तिच्या जुन्या टीव्हीला एफएटी३२ वालाच चालतो, म्हणजे एक फाइल ४ जीबीच्या आत. नाटक २ तास ५० मिनिटांचं, म्हणून हँडब्रेक या व्हिडिओ लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एच.२६४ ही दाबायची पद्धत आणि सरासरी ३ एमबीपीएस (सेकंदाला ३ मेगाबिट) बिटरेट लावला. आवाज धरून फाइल ३.८ जीबी, आणि चित्र इतकं स्वच्छ की नटाच्या शेल्याची जर दिसते.

तेच सेटिंग ४० मिनिटांच्या गुलालाला लावलं. पालखी येईपर्यंत ठीक, गुलाल उधळला की सगळं चौकोन चौकोन. आते विचारते, यात माझे भाऊ कुठे आहेत? मूळ फाइल पाहिली, ती चांगली आहे. मग हे का होतं?

मांडवीपार
एच.२६५ ही त्याच्या पुढची पद्धत वापर. त्याच बिटरेटला चित्र चांगलं येतं.

फोंड्याची एडिटर
एच.२६५ ने थोडं सुधारेल, पण तो जुना टीव्ही ते वाचेल का? आणि खरं दुखणं वेगळंच आहे.

मी चौदा वर्षं लग्नं, मुंजी, जत्रा एडिट करते. अक्षता, फटाके, धबधबा आणि गुलाल आला की मी बिटरेटचा ठरलेला आकडा बाजूला ठेवते. कारण सांगते, नीट समजून घे, दर जत्रेला उपयोगी पडेल.

तुझं चित्र अजिबात न दाबता ठेवलं तर सेकंदाला सुमारे ६२२ मेगाबिट लागतील. तू देतोस ३. दोनशे पट बचत होते ती मुख्यतः मोशन कॉम्पेन्सेशनमुळे. एन्कोडर, म्हणजे चित्र दाबणारा प्रोग्रॅम, फ्रेमचे १६ बाय १६ पिक्सेलचे चौकोन पाडतो आणि प्रत्येकासाठी आधीच्या फ्रेममध्ये आजूबाजूला हुडकतो, असाच तुकडा कुठे होता का. सापडला की चित्र पुन्हा लिहित नाही. तिथला तुकडा उचल, इतका डावीकडे, इतका वर ठेव, एवढंच लिहितो. तो मोशन व्हेक्टर. उचललेला आणि खरा यांच्यात जो फरक उरतो, तेवढा वेगळा साठवतो.

नाटकात मागचा पडदा हलतच नाही, त्या चौकोनांना ‘आहे तसंच’ ही खूण पुरते. नट चालला तरी त्याचा शेला जवळजवळ तसाच सरकतो. जुनं एच.२६१ तुकडा पूर्ण पिक्सेलनेच सरकवायचं. २००३ चं एच.२६४ पाव पिक्सेलपर्यंत सरकवतं, त्यामुळे सावकाश चालण्यातही फरक फार कमी उरतो. नट पुढे गेल्यावर त्याच्यामागचा जो पडदा उघडा पडतो तो आधीच्या फ्रेममध्ये नव्हता, पण बी-फ्रेम नावाच्या फ्रेमला पुढची फ्रेमही बघता येते आणि तिथे तो असतो. मला ही युक्ती आजही फार आवडते.

गुलाल मात्र पसरतो, विरतो, उन्हात आला की फिका पडतो. आधीच्या फ्रेममध्ये असा तुकडा कुठेच नसतो. त्यातून तो अर्धवट पारदर्शक: ढग एकीकडे चाललेला, त्यामागचा माणूस दुसरीकडे नाचतोय. चौकोनाने व्हेक्टर कुणाचा धरायचा? ४ बाय ४ पर्यंत तुकडे पाडता येतात, पण प्रत्येक व्हेक्टर लिहायलाही बिट जातात. शेवटी उरलेला फरकच चित्राएवढा होतो. तो ३ एमबीपीएसमध्ये मावत नाही, मग एन्कोडर बारीक तपशील टाकून देतो आणि तुझे चौकोन उघडे पडतात. शिवाय ४:२:० या नेहमीच्या रंगसाठवणीत रंग दोन्ही दिशांनी अर्ध्याच तपशिलाने साठतो, म्हणून लाल ढगातले चेहरे आधीच बोथट असतात.

४० मिनिटांना ४ जीबी म्हणजे १३ एमबीपीएसपर्यंत जागा तुझ्याकडे आहे, ती वापर! सरासरी बिटरेट सोड, कॉन्स्टंट क्वालिटी आरएफ २० लाव (दर्जा ठरलेला, बिट लागतील तेवढे), प्रीसेट स्लो. डीनॉइज, म्हणजे चित्रातले दाणे पुसणारं फिल्टर, अजिबात नको, गुलालाचे कण त्यालाही नॉइजच वाटतात.

मांडवीपार
ताई, बरोबर. मी दोन्ही फायलींची लांबी लक्षातच घेतली नव्हती.

कुशावतीकाठ
ताई, केलं. आरएफ २० ला नाटक सरासरी २.१ एमबीपीएसवर आलं, २.७ जीबी. गुलाल ११ वर, ३.३ जीबी. म्हणजे नाटकाला मी गरजेपेक्षा जास्त देत होतो आणि गुलालाला उपाशी ठेवत होतो. काल आतेने धाकट्या भावाला पाठमोरा असतानाच ओळखलं, टीव्हीजवळ जाऊन बोट ठेवलं.

एक राहिलं. नाटकात अंक संपताना उजेड मंदावतो, तिथे पडद्यावर काळे पट्टे दिसतात. तेही व्हेक्टरमुळेच का?

फोंड्याची एडिटर
नाही. ८ बिटमध्ये (प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या) काळोखातल्या छटाच कमी असतात, आणि तिथला बारीक तपशील एन्कोडर आधी टाकतो. अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये एक्यू-मोड ३ लिही, अंधाऱ्या भागाला जास्त बिट मिळतील. १० बिटने आणखी सुधारलं असतं, पण एच.२६४ चं १० बिट जुने टीव्ही सहसा उघडत नाहीत. आधी शेवटच्या दोन मिनिटांचीच फाइल काढून आतेच्या टीव्हीवर बघ.