वडिलांचं डायलिसिस: घरी की केंद्रात?

वडील ७८ वर्षांचे, आठवड्यातून तीनदा केंद्रात न्यायला घरी कोणी नाही, म्हणून तुम्ही पोटाच्या डायलिसिसबद्दल विचारलंय, म्हणजे पोटात नळीतून द्रव भरून, मूत्रपिंडाचं काम घरीच करून घेण्याबद्दल. तो पर्याय नक्की विचारात घ्या. हृदय कमजोर असेल तर तो अनेकदा जास्त सोसतो, कारण पाणी हळूहळू निघतं, बीपी एकदम पडत नाही. पण दिवसातून तीन-चार वेळा साधारण दोन लिटरची पिशवी बदलावी लागते आणि दर वेळी हात साबणाने नीट धुणं, मास्क लावणं आलंच. त्यात हयगय झाली की पोटात जंतुसंसर्ग. वडिलांचे हात थरथरत असतील किंवा दिसायला कमी असेल तर हे काम घरातल्या कुणाला तरी करावं लागेल; ते कोण, हे आधी ठरवा.

केंद्रातलं डायलिसिस ठरलंच तर फिस्टुला, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी हातातल्या दोन रक्तवाहिन्या जोडण्याची छोटी शस्त्रक्रिया, लवकर करून घ्या. तो तयार व्हायला दीड-दोन महिने, कधी जास्तही लागतात. त्या हातातून रक्त काढू देऊ नका, बीपीही मोजू देऊ नका. खर्चासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजनेची चौकशी करा.

आणखी एक, जे आपल्याकडे कुणी मोकळेपणाने बोलत नाही: वय फार, सोबत इतर मोठे आजार असतील तर डायलिसिस न करता औषधांवर त्रास आटोक्यात ठेवणं हाही रीतसर वैद्यकीय पर्याय आहे. नेफ्रॉलॉजिस्टना (मूत्रपिंडाच्या डॉक्टरांना) थेट विचारा, आणि वडिलांसमोरच विचारा.

शहाळं मात्र आजच बंद करा. पोटॅशियम भरपूर असतं त्यात, आणि निकामी मूत्रपिंडाला ते बाहेर टाकता येत नाही.