‘जबाबदारी’तला जबाब आणि हाकेला ‘ओ’

नगरी

पुढच्या रविवारी संडेस्कूलच्या मोठ्या मुलांपुढे मला पंधरा मिनिटं बोलायचंय. विषय पाळकसाहेबांनी दिलाय, ‘ख्रिस्ती माणसाची जबाबदारी’. मागे एकदा मुलांना विचारलं होतं, जबाबदारी म्हणजे काय रे? उत्तरं आली: सतरंज्या घालणं, दानाची थैली फिरवणं, नाताळात तारा टांगणं. एक मुलगी म्हणाली, “मम्मी दमते ना, ती.” तेव्हा हसले, पण ते डोक्यातून जात नाही.

इंग्रजी पुस्तकांत ह्या विषयाची सुरुवात ठरलेली असते. त्यांचा जबाबदारीचा शब्द आणि प्रतिसादाचा शब्द एकाच मुळातून आलेले, म्हणून जबाबदारी म्हणजे देवाला दिलेला प्रतिसाद. मराठीत ही सोय नाही. ‘प्रतिसाद’ कुठे आणि ‘जबाबदारी’ कुठे! ‘उत्तरदायित्व’ म्हटलं तर मुलं जांभया देतील. दुसरा शब्द सुचतो का कुणाला?

बोरू

सोय आहे की, आणि तुमच्याच शब्दात आहे. ‘जबाब’ म्हणजे उत्तरच. मूळ अरबी ‘जवाब’, त्याला फारसी ‘दार’ जोडला, म्हणजे बाळगणारा. दुकानदार, ठाणेदार यांतला. ज्याच्याकडे उत्तर मागता येतं तो जबाबदार. ‘जाब विचारणे’मधला जाबही तोच, घासून लहान झालेला. ‘उत्तरदायित्व’ संस्कृतातून हेच सांगतं, उत्तर देणारा तो उत्तरदायी. जर्मनांच्या जबाबदारीच्या शब्दातसुद्धा त्यांचा उत्तराचा शब्द जसाच्या तसा बसलाय. डीट्रिख बोनहोफर या जर्मन पाळकाने नीतिशास्त्रावर लिहिताना ह्याच शब्दाचा धागा धरला होता: ख्रिस्ताच्या जीवनाला आपल्या सगळ्या जगण्याने दिलेलं उत्तर, ती जबाबदारी. हिटलरच्या राजवटीने त्याला ९ एप्रिल १९४५ रोजी फासावर दिलं.

मग आपल्याला हा जबाब ऐकू का येत नाही? क्रियापदं बघा. जबाबदारी आपण घेतो, उचलतो, पेलतो, ढकलतो, झटकतो. ती अंगावर पडते, गळ्यात येते, आणि मग कधीतरी आपण तिच्यातून मोकळे होतो. सगळी हमालाची क्रियापदं. ‘जबाब’ मात्र ‘देतात’, आणि आजकाल तोही बहुतेक पोलीस चौकीत. तुमच्या त्या मुलीने भाषेचा कान ठेवून बरोबर उत्तर दिलंय. आपण तो शब्द ओझ्यासाठीच वापरतो.

‘कर्तव्य’ सुचवायला कुणीतरी येईलच, म्हणून आधीच सांगतो. कर्तव्य म्हणजे करायला हवं ते. ते एकट्यालाही असू शकतं, समोर कुणी नसलं तरी चालतं. जबाबाला मात्र विचारणारा लागतो. बायबलमध्ये माणसाला देवाने विचारलेला पहिला प्रश्न “तू कोठे आहेस?” हा आहे. आदाम झाडीत लपलेला. बाहेर येतो तो बायकोकडे बोट दाखवत, आणि वर “तू मला दिलेली” असं म्हणून देवाकडेही. बायको सापाकडे दाखवते. सापाला पुढे बोट दाखवायला कुणी उरत नाही. (बोटंही नव्हती म्हणा.) पुढच्याच अध्यायात भावाला मारून आलेल्या काइनाला प्रश्न येतो, तुझा भाऊ कोठे आहे? तो म्हणतो, “मला ठाऊक नाही, मी माझ्या भावाचा राखणदार आहे काय?” दोघांनीही तोंड उघडलंय, शब्द उच्चारलेत. पण त्याला जबाब म्हणायचं का?

मुलांसाठी मी ‘जबाबदारी’ हाच शब्द ठेवीन आणि शेजारी ‘ओ’ ठेवीन. आई ओट्यापाशी उभी राहून हाक मारते आणि अंगणातून पोरगं “ओ” म्हणतं, तो ‘ओ’. हाकेला ओ देणे. याहून लहान उत्तर मराठीत नाही. अजून कामाचा पत्ता नसतो. पाणी आणायचंय की दुकानात जायचंय, ते नंतर कळतं. आधी “मी इथे आहे” एवढंच सांगायचं. इब्री, म्हणजे हिब्रू, भाषेत ह्याला ‘हिनेनी’ म्हणतात. बायबलमध्ये देवाची हाक आल्यावर अब्राहामाने तो म्हटला, जळत्या झुडपापाशी मोशेने म्हटला, लहान शमुवेलाने म्हटला.

वसईकर

आमच्याकडे ओ देण्याचा सराव रोज तीन वेळा होतो. देवळाची, म्हणजे चर्चची, घंटा सकाळ, दुपार, संध्याकाळ वाजते ती त्रिकाल प्रार्थनेची. आजी वाडीत शिपण करत असली तरी पाइप खाली ठेवून उभी राहायची. ती एक ओळ म्हणायची, आम्ही पुढची. मधल्या ओळीत, तुझ्या पोटी येशू जन्मेल असं सांगणाऱ्या देवदूताला मारियेने दिलेलं उत्तर येतं: “पाहा, मी प्रभूची दासी, आपण सांगितल्याप्रमाणे मला होवो.” तोवर पाणी अळ्यातून वाहून पाटात जायचं आणि आजोबा ओरडायचे. पण प्रार्थना संपल्याशिवाय पाइपाला हात लागायचा नाही.

मला त्या ओळीत ‘होवो’ आवडतो. ‘करते’ नाही, ‘होवो’. नव्या कराराच्या मूळ ग्रीकमध्येही क्रियापद ‘होणे’ याच अर्थाचं आहे. पण ती नुसती पडून राहणारी नाही. आधी तिने “हे कसे होईल?” असं देवदूताला विचारून घेतलंय. प्रतिसाद द्यायचा म्हणजे प्रश्न विचारायचे नाहीत, असा समज आमच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात फार होता, म्हणून सांगितलं.

दुसरी गोष्ट, तान्ह्या बाळाच्या बाप्तिस्म्याची. फादर विचारतात, सैतानाचा त्याग करता का, देवावर विश्वास ठेवता का? बाळ काय बोलणार? आईबाप आणि गॉडफादर-गॉडमदर बोलतात. ते उत्तर देतात आणि त्या उत्तराला पुढची पंधरावीस वर्षं बांधले जातात. हा माणूस चर्चच्या लॅटिन कागदांत ‘स्पॉन्सर’, म्हणजे वचन देणारा. बोरू, तुम्ही लॅटिनचं सांगायचं राहिलात. ‘उत्तर देणे’ याचा लॅटिन शब्द त्याच क्रियापदाला ‘परत’ अर्थाचा उपसर्ग लावून झालाय. उलट दिलेलं वचन, ते उत्तर.

मराठीत ह्या माणसासाठी मी ‘जामीन’ म्हणेन. चावडीवरचा शब्द वाटतो खरा, पण इब्री लोकांस पत्राच्या सातव्या अध्यायात येशूलाच म्हटलंय, अधिक चांगल्या कराराचा ‘जामीन’. म्हणजे माणसाने उत्तर द्यायच्या आधी त्याच्या वतीने कुणीतरी उभं राहिलंय. हे विसरलं की जबाबदारी म्हणजे नुसता धाक होतो.

आडमुठा

व्युत्पत्तीची मजा आली, पण व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे. ‘दुहिता’ म्हणजे दूध काढणारी असं जुने लोक सांगत आले, म्हणून मी मुलीला गोठ्यात पाठवत नाही. आज जबाबदारी म्हणजे ओझं, तर ओझंच. आणि ओझ्याला एवढं नाक मुरडायचं कारण काय? गलतीकरांस पत्र काढा, सहावा अध्याय. दुसऱ्या वचनात “एकमेकांची ओझी वाहा”. तीनच वचनं पुढे, प्रत्येकाने आपापला भार वाहिला पाहिजे. उलटसुलट वाटतं, पण ग्रीकमध्ये दोन वेगळे शब्द आहेत, आणि मराठी भाषांतरकारांनीही ‘ओझं’ आणि ‘भार’ वेगळे राखलेत. पहिलं चिरडणारं वजन, त्याला चार हात लागतात. दुसरं ज्याचं त्याने न्यायचं गाठोडं. येशू “माझे ओझे हलके आहे” म्हणतो तिथे ग्रीकमध्ये हा दुसरा शब्द आहे. हलकं म्हणतो, ‘ओझंच नाही’ म्हणत नाही.

‘ओ’बद्दलही शंका आहे. ओ देणं सर्वांत स्वस्त. मत्तयाच्या एकविसाव्या अध्यायातले दोन मुलगे आठवा. बाप म्हणतो, आज द्राक्षमळ्यात जाऊन काम कर. एक म्हणतो, जात नाही. मग पस्तावतो आणि जातो. दुसरा लगेच “जातो, महाराज” म्हणतो. ‘महाराज’सुद्धा लावतो! आणि जात नाही. तुमच्या हिशेबाने ओ कुणी दिली?

बोरू

आडमुठे, चेंडू बरोबर टाकलात. ओ दुसऱ्याने दिली, जबाब पहिल्याने. म्हणून तर दोन्ही शब्द हवेत.

पण ह्या दोघांच्या मधला एक शब्द आपल्याकडे फार चांगला आहे, ‘ऐकणे’. “पोरगं ऐकत नाही” म्हटल्यावर कुणी कानाच्या डॉक्टरकडे नेत नाही. मराठीत ऐकणे म्हणजे कानाने ऐकणे आणि सांगितलेलं करणे, दोन्ही. इब्रीतही हुबेहूब असंच आहे. ‘शमा’ म्हणजे ऐक आणि मान. ग्रीकमधला आज्ञापालनाचा शब्दही ऐकण्याच्या क्रियापदातूनच काढलेला. आता बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातली यहुद्यांची ती रोजची कबुली मराठीत उघडा: “हे इस्राएला, श्रवण कर.” भारदस्त आहे, तक्रार नाही. पण श्रवण आपण कीर्तनाचं करतो आणि मग घरी जातो. “इस्राएला, ऐक” म्हटलं असतं तर आईने पोराला बजावल्यासारखं दोन्ही अर्थांनी लागलं असतं. तत्सम शब्द घेताना अशी अर्धी शिदोरी मागे राहते. ‘उत्तरदायित्व’ला माझा विरोध ह्याचसाठी.

‘आमेन’चंही तसंच. आपण तो ‘संपलं’ अशा सुरात म्हणतो, डोळे उघडायची खूण. इब्री धातू पक्कं असण्याचा, भरवशाचा. हे पक्कं, ह्याला मी बांधलेला, असं म्हणण्यासारखं आहे ते. एका शब्दाचा जबाब.

नगरी

इतकं पुरे झालं, माझी पंधरा मिनिटं आहेत! पण एक प्रश्न राहिलाच. त्या रविवारी आमच्याकडे ‘कारभारीपणा’वर उपदेशही आहे. ‘कारभारी’ शब्दाचं काय करायचं? आमच्या भागात बाया नवऱ्याला कारभारी म्हणतात. मागे पाळकसाहेब वेदीवरून म्हणाले, “कारभाऱ्याला एके दिवशी हिशेब द्यावा लागेल,” तर मागच्या रांगेतून एक म्हातारी पदराआड म्हणाली, “लई बरं हुईल.”

बोरू

त्या म्हातारीला माझा नमस्कार. शब्द मात्र बदलू नका, तो फार नेमका आहे. मूळ ग्रीक शब्दात ‘घर’ आहे, म्हणजे दुसऱ्याच्या घराची व्यवस्था बघणारा. कारभारी मालक नसतो, नोकरासारखा निव्वळ सांगकाम्याही नसतो. पेशवाईतले कारभारी आठवा, सही-शिक्का धन्याचा, निर्णय बऱ्याचदा यांचा. लूकच्या सोळाव्या अध्यायात धनी म्हणतो, “आपल्या कारभाराचा हिशेब दे.” तिथे तो जबाब मागत नाही, हिशेब मागतो. रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायातही प्रत्येक जण देवाला देणार तो ‘हिशेब’च. थोडक्यात सांगायचं तर ओ हाकेला, जबाब प्रश्नाला आणि हिशेब दिलेल्या वस्तूचा. ज्याला काहीच दिलं नाही त्याच्याकडे हिशेब कुणी मागत नाही. येशूच्या दाखल्यात धन्याने दिलेले रुपये पुरून ठेवणाऱ्या त्या तिसऱ्या दासाची चूक ही, की त्याला धनी फक्त कठोर दिसला, हातावर ठेवलेले पैसे दिसलेच नाहीत.

आडमुठा

तिन्ही कप्पे जरा जास्तच चापूनचोपून बसवलेत. आमच्या घरी ओ, जबाब आणि हिशेब एकाच दमात घेतात. पण असो, मुलांना शमुवेलच सांगा. आणि अर्ध्यात थांबू नका. सगळे लोक “बोल, तुझा दास ऐकत आहे” इथे आमेन म्हणतात. पुढचं वाचत नाहीत. देव त्या पोराला काय सांगतो? तुझ्या ह्या म्हाताऱ्या गुरूच्या, एलीच्या, घराण्याचा मी न्याय करणार, कारण मुलगे काय करतात ते ठाऊक असून त्याने त्यांना आवरलं नाही. आणि हे सकाळी उठून एलीला सांगायचं कुणी? शमुवेलाने. तो भ्यायला होता, असं स्पष्ट लिहिलंय. तरी काही न लपवता सांगितलं. ओ दिल्यावर कुठलं काम निघेल ते आपल्या हातात नसतं.

वऱ्हाडी

मध्येच घुसतो. आमच्याकडे मोठ्या माणसाने हाक मारली की ‘जी’ म्हणतात. ‘ओ’ बरोबरीच्याला. देवाला ओ द्यायची म्हणजे जरा जास्तच सलगी नाही का?

बोरू

नगरकडे आईलाही ओ आणि मास्तरांनाही ओ. तुमच्या मुलांनी ‘जी’ म्हणावं, चुकणार नाही.

नगरी

आज झालं एकदाचं. सुरुवातीला काहीच सांगितलं नाही, नुसती नावं घेऊन हाका मारत गेले. “ओ”, “ओ”, एक “येस मिस”. शेवटच्या रांगेतला एक मुलगा खिडकीतून बाहेर बघत होता. तीनदा हाक मारली, पत्ता नाही. शेजारच्याने कोपर मारलं, “अरे, तुला बोलवतायत.” मी तिथेच थांबले, शमुवेलाची गोष्ट सांगितली, हाक आली की तो तीनदा उठून एलीकडेच पळाला आणि हाक देवाची आहे हे शेवटी एलीने ओळखलं ते सांगितलं, आणि विचारलं, आत्ता आपल्यात एली कोण झाला होता? सगळे गप्प. मग ती मम्मीवाली मुलगी म्हणाली, “कोपर मारलं तो.”

सतरंज्या मात्र शेवटी मलाच गोळा कराव्या लागल्या.