मदत हवी आहे: ४६ तास झाले, अजून सोलो नाही. वारा, गर्दी आणि सॅन कार्लोस

भिंगरी:

नमस्कार मंडळी,

लांबलचक लिहिणार आहे, आधीच माफी मागते. मी मूळची साताऱ्याची, गेली अकरा वर्षं बे एरियात. वय ४३. मे महिन्यापासून सॅन कार्लोसच्या विमानतळावर सेसना १७२ चालवायला शिकतेय. प्रायव्हेट पायलट लायसन्सला नियमाने किमान ४० तास लागतात. माझ्या लॉगबुकात ४६ झालेत आणि मी अजून एकटीने, म्हणजे सोलो, एक फेरीसुद्धा मारलेली नाही. माझ्या नंतर आलेल्या एका पोराचा सोलो १९ तासांत झाला. पोरगा २२ वर्षांचा आहे आणि त्याला घरी कुकर लावायचा नसतो, पण ते असो.

धावपट्टी एकच, १२/३० (दोन टोकांच्या दिशा, अंशांतलं शेवटचं शून्य सोडून). लांबी २,६०० फुटांच्या आसपास, रुंदी ७५. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला हायवे १०१, डोक्यावर सॅन फ्रान्सिस्कोला उतरणाऱ्या मोठ्या विमानांची हद्द. ऑफिस सुटल्यावर साडेचार-पाचला पोचते, तेव्हा वारा हमखास सुटलेला असतो. परवाचंच सांगते. फोनवर मेटार (विमानतळाचा हवामान अहवाल) बघितला: वारा २९० अंशांवरून १८ नॉट, झोत २५ चे. धावपट्टी ३०, म्हणजे ३००. कोन १० अंशांचा. आडवा वारा काढला, जेमतेम चार नॉट. म्हटलं आज जमणार. प्रत्यक्षात फायनलवर (उतरण्याआधीच्या शेवटच्या सरळ टप्प्यावर) विमान असं झुलत होतं की डावीकडचा पंख सांभाळू की नाक, हेच कळेना. भीतीपोटी वेग ७५-८० ठेवते, मग विमान धावपट्टीवर तरंगतच राहतं, तेवढ्यात उजवीकडे सरकतं, आणि टेकल्यावर नाक झटक्यात डावीकडे वळतं. सहा फेऱ्यांपैकी दोनदा शिक्षकाने हातातून घेतलं, दोनदा गो-अराउंड, म्हणजे न उतरता पुन्हा वर.

त्यात गर्दी. डाउनविंडला (धावपट्टीला समांतर, उलट दिशेने उडायचा टप्पा) आपण चौथे, पुढचं विमान दिसत नाही, टॉवर सांगतो डाउनविंड लांबव, मग सांगतो डावीकडे ३६० (पूर्ण गोल) मार. मी उत्तर देईपर्यंत दुसराच कोणीतरी बोलून मोकळा होतो. ऑफिसात तीस जणांची मीटिंग मी इंग्रजीत चालवते हो, पण इथे तोंडच उघडत नाही.

विमान आणि शिक्षक मिळून तासाला तीनशे डॉलरच्या आसपास जातात. नवरा काही बोलत नाही, हे जास्त त्रासदायक आहे. शिक्षक शांत आहे, ओरडत नाही, फक्त ‘वी विल गेट देअर’ म्हणतो. विमानतळ बदलू का? शिक्षक बदलू? की माझ्याच हातापायांत खोट आहे? आडव्या वाऱ्याचा सराव नक्की कसा करतात, हे कुणीतरी मराठीत सांगा. इंग्रजी व्हिडिओ बघून बघून डोकं बधिर झालंय.

ढोल्या:

मे महिन्यात सुरुवात, संध्याकाळी पाचची वेळ आणि सॅन कार्लोस. ताई, तुम्ही पोहायला शिकायला आषाढातली कृष्णा निवडलीत.

रडर_पेडल:

भिंगरीताई, मी शेजारीच पालो आल्टोला शिकलो, आता तीनशेच्या वर तास आहेत. हातापायांचं नंतर बोलू, आधी तुमचं गणित. गुणाकार बरोबर आहे, पण उत्तर दिशा चुकली आहे.

मेटारमध्ये तुम्ही वाऱ्याची जी दिशा वाचता ती खऱ्या उत्तरेपासून मोजलेली असते. धावपट्टीचा आकडा मात्र चुंबकीय उत्तरेपासूनचा. टॉवर तोंडाने सांगतो तो वारा आणि एटिसवर (विमानतळाच्या ध्वनिमुद्रित माहितीत) ऐकता तो वाराही चुंबकीय. आपल्याकडे या दोन उत्तरांत साधारण १३ अंशांचं अंतर आहे आणि ते खऱ्यातून वजा करायचं. म्हणजे तुमचा २९० चा वारा धावपट्टीच्या भाषेत २७७. कोन १० नाही, २३ अंशांचा. २५ च्या झोतात आडवा वारा चार नाही, जवळजवळ दहा नॉट. तीन-चार महिने तुम्ही चार नॉटची मनाची तयारी करून दहामध्ये उतरताय आणि वर स्वतःलाच बोल लावताय. वाचलेला वारा खरा, ऐकलेला चुंबकीय, एवढं गुडघ्यावरच्या पॅडवर लिहून ठेवा.

सेसनाच्या पुस्तकात १५ नॉटचा आकडा आहे, पण तो कंपनीने चाचणीत उतरवून दाखवलेला वारा. सोलोआधीच्या विद्यार्थ्याला झोताचे दहा म्हणजे भरपूर झाले.

आता वेग. झोत असला की थोडा वाढवायचा हे बरोबर, पण नियम झोतातल्या फरकाच्या निम्म्याचा. १८ आणि २५ मधला फरक ७, त्याचे निम्मे साडेतीन. ६५ ने येत असाल तर ६८-६९. तुम्ही ८० ने येता, तो जास्तीचा वेग कुठेतरी खर्च व्हायलाच हवा, तो धावपट्टीवर तरंगण्यात होतो. जितका वेळ तरंगाल तितका वेळ वाऱ्याला तुम्हाला ढकलायला मिळतो. अशा दिवशी फ्लॅप (पंखांच्या मागच्या खाली वळणाऱ्या पट्ट्या) ३० अंशांऐवजी २० ठेवता येतील का, हेही शिक्षकाला विचारा.

आणि टेकल्यावर नाक डावीकडे का जातं? माझा अंदाज असा, की चाक लागलं की तुम्ही ‘झालं एकदाचं’ म्हणून योक (हातातलं स्टिअरिंग) सरळ करता. मीही करायचो. विमान थांबेपर्यंत ते उडतच असतं असं समजायचं. वारा डावीकडून असेल तर योक डावीकडेच, आणि वेग कमी होईल तसतसा आणखी डावीकडे, शेवटी पार टोकापर्यंत. दिशा फक्त पायांनी. गाडीच्या सवयीने आपण हातांनी वळवायला बघतो, तिथेच घोळ होतो.

बारामतीचा_राघू:

ताई, मी सीपीएलचे (कमर्शियल लायसन्सचे) २०० तास बारामतीला केले. आमच्याकडे समुद्रावरचा वारा नाही, पण एप्रिलच्या दुपारी जमीन तापली की नांगरलेल्या काळ्या रानावरून गेलं की विमान वर उचलायचं आणि उसावरून गेलं की खाली बसायचं. फायनलवर पट्ट्यापट्ट्याने दोन्ही. नव्या पोरांना पहाटे उठवून सकाळच्या थंड हवेत उडवायचे, दुपारी ग्राउंड क्लास. तुम्ही पहिल्याच दिवसापासून दुपारच्या हवेत शिकताय. आधी शांत हवेत पन्नास लँडिंग करा. हाताला ‘बरोबर’ कसं लागतं ते कळल्याशिवाय ‘चूक’ ओळखू येत नाही.

आणि योक मुठीत आवळू नका. दोन बोटं आणि अंगठा. मूठ आवळली की पायही आखडतात, स्वतः करून बघा.

नवीन_पाखरू:

अवांतर प्रश्न, पण एच-१बी वर असताना शिकता येतं का?

भिंगरी:

@नवीन_पाखरू, येतं. पण नागरिक नसाल तर पहिल्या धड्याआधी टीएसएची (अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा खात्याची) मंजुरी लागते, बोटांचे ठसे वगैरे. ग्रीन कार्ड असलं तरी सुटका नाही. शिवाय मेडिकल. चाळिशीपुढे थर्ड क्लास मेडिकल दोनच वर्षं चालतं, त्याआधी असेल तर पाच. म्हणजे माझ्यासारखं थांबू नका.

@रडर_पेडल, दादा, तुमचं वाचून मी अक्षरशः कपाळावर हात मारला. शिक्षकाने हे पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. माझ्याच अक्षरात वहीत आहे. पण फोनवरचा आकडा बघताना डोक्यात आलंच नाही. आणि हो, योक सरळ करते. काल घरी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून हवेत हात-पाय हलवून बघितले, तेव्हाही केला.

हवामानखाते:

थोडा भूगोल. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो ना, ही त्याचीच मोठी आवृत्ती. उन्हाळ्यात इथला समुद्र थंडगार आणि डोंगरांपलीकडची सेंट्रल व्हॅली भट्टीसारखी. तिथली तापलेली हवा वर जाते, समुद्रावरची जड हवा आत ओढली जाते. मध्ये डोंगरांची भिंत, मग ती जिथे खिंड सापडेल तिथून घुसते. एक वाट गोल्डन गेटची, दुसरी सॅन ब्रुनोची खिंड. ती सॅन फ्रान्सिस्को विमानतळाच्या थोडी वर आणि तुमच्यापासून फार लांब नाही. दुपारी सुरू होतं, संध्याकाळी कळस, सूर्य मावळला की हळूहळू उतरतं. पश्चिमेच्या डोंगरांवरून घसरून आलेली हवा फायनलवर गचके देते ते वेगळंच. आकडा सात नॉटचा दाखवत असला तरी हाताला पंधराचा लागतो तो त्यामुळे.

ऑक्टोबरपासून व्हॅली थंड व्हायला लागते आणि हा खेळ उतरतो. मग पावसाळी वादळांचे दिवस सोडले तर हिवाळ्यातल्या दुपारी निवांत असतात. तेव्हा विमानतळ बदलण्याआधी घड्याळ बदला.

ढोल्या:

वारा टाळायचाच असेल तर बायरनच्या विमानतळावर जा. अल्टामाँटच्या पवनचक्क्या शेजारीच आहेत, सोबतीला. चाळकेवाडीच्या पठारावर शांत हवा शोधायला गेल्यासारखं वाटेल.

रडर_पेडल:

ढोल्या थट्टेत बोलला, पण बायरन खरंच वाईट नाही. तिथे दोन धावपट्ट्या एकमेकींना तिरक्या आहेत, १२/३० आणि ५/२३. वारा पश्चिम-नैर्ऋत्येचा असला की २३ वर तो बराचसा समोरून येतो आणि ३० वर बाजूने. म्हणजे किती आडवा वारा हवा ते तुम्ही ठरवायचं, औषधाच्या डोससारखं. टॉवर नाही, त्यामुळे कुणी घाई करत नाही. फक्त पॅराशूटवाले आणि ग्लायडर असतात, तेव्हा रेडिओवर कान आणि बाहेर डोळे. सकाळी लवकर जा, दुपारी तिथेही हाल होतील.

तिथे करायचा सराव सांगतो. उतरायचंच नाही. ३० ही ४,५०० फूट लांब आहे. फायनलवरून नेहमीसारखं या, धावपट्टीवर दहा-पंधरा फुटांवर थोडं इंजिन ठेवून विमान तरंगतं ठेवा आणि संपूर्ण लांबी मधल्या पट्ट्यावरून उडा. वाऱ्याकडचा पंख किंचित खाली, विरुद्ध पायाने नाक सरळ. पंख विमानाला सरकण्यापासून अडवतो, पाय नाकाला. नजर नाकासमोर नाही, धावपट्टीच्या शेवटच्या टोकावर. मग वर जा, पुन्हा या. पहिल्या काही वेळा शिक्षकाने फक्त पाय सांभाळावेत आणि तुम्ही हात, नंतर उलट. लँडिंगमध्ये हे सगळं चार सेकंदांत उरकतं, इथे तुम्हाला एका फेरीत पंचवीस-तीस सेकंद मिळतात. मला दोन सकाळींत जे कळलं ते त्याआधी दोन महिन्यांत कळलं नव्हतं.

कोयनाकाठ:

रेडिओचं कुणी बोललंच नाही. मी हेवर्डला शिकले, तिथेही रांग कमी नसते. पहिल्या कॉलला विमानाच्या नंबरानंतर ‘स्टुडंट पायलट’ म्हणा. लाज वाटते, मलाही वाटायची, पण कंट्रोलरला मग कळतं की हळू बोलायचं आणि जागा थोडी जास्त ठेवायची. पुढचं विमान दिसत नसेल तर दिसत नाही असंच सांगा, अंदाजाने ‘दिसलं’ म्हणू नका. ३६० मारणं त्या क्षणी जमणार नसेल तर ‘अनेबल’, म्हणजे जमणार नाही, असं सांगा. तो तुमचा हक्क आहे, कुणी ओरडत नाही, दुसरं काहीतरी सांगतात.

घरी लाइव्हएटीसीवर आपल्याच टॉवरचं बोलणं लावून ठेवा. मी पोळ्या लाटताना ऐकायचे आणि प्रत्येक विमानाच्या वतीने मोठ्याने उत्तर द्यायचे. सासूबाई आल्या होत्या तेव्हा. त्यांनी दोन दिवसांनी नवऱ्याला बाजूला घेऊन विचारलं, हिला बरं आहे ना.

बारामतीचा_राघू:

शिक्षक बदलू नका असं माझं मत. हातातून घेतो, पण ओरडत नाही आणि सोलोची घाई करत नाही, तो माणूस तुम्हाला जिवंत ठेवतोय. वेळेबद्दल मात्र त्याच्याशी स्पष्ट बोला. कदाचित त्याला वाटत असेल की तुम्हालाच संध्याकाळची वेळ सोयीची आहे.

भिंगरी:

तीन आठवड्यांनी परत आले. सगळ्यांना एकेक साबुदाणा वडा लागू.

राघू, तुझं शेवटचं वाक्य अगदी खरं निघालं. शिक्षकाला सकाळच्या वेळेबद्दल विचारलं तर म्हणाला, मला वाटलं तुला सकाळी जमतच नाही. चार महिने आम्ही दोघं एकमेकांच्या सोयीसाठी वाऱ्यात उडत होतो.

दोन शनिवारी बायरनला गेलो. पहिल्या दिवशी धावपट्टीवरून न उतरता उडायच्या नऊ फेऱ्या. पहिल्या चारमध्ये विमान पट्ट्याच्या उजवीकडेच. पाचव्या फेरीत शिक्षकाने हात सांभाळले आणि फक्त पाय माझे, तेव्हा लक्षात आलं की मी रडर (पायातलं पेडल) दाबून लगेच सोडते, ब्रेक मारल्यासारखा. दाबून धरायचा असतो हे मला ४८ तासांनी कळलं. आठवी फेरी मात्र सुरेख झाली. शेवटपर्यंत नाक सरळ, डावा पंख खाली, आणि मी मोठ्याने मराठीत काहीतरी बोलले जे इथे लिहिता येणार नाही. दुसऱ्या शनिवारी डावं चाक आधी, मग उजवं, मग नाकाचं, असं तीनदा जमलं. वेग ६८. तरंगणं जवळपास बंद.

मंगळवारी सकाळी आठला सॅन कार्लोसला पाच लँडिंग केली, वारा चार नॉट. शिक्षक एकदाही हलला नाही, खिडकीतून खाडीतले पक्षी बघत होता. टॉवरला ‘स्टुडंट पायलट’ म्हटलं, तर पलीकडून बाई इतक्या प्रेमाने बोलली की मीच पुढचा शब्द विसरले.

सोलो अजून नाही. प्री-सोलोची लेखी परीक्षा दिली, दोन उत्तरं चुकली, त्यावर अर्धा तास शिकवणी झाली. लॉगबुकात सोलोची मर्यादा एकूण वारा दहा नॉट आणि आडवा पाच अशी लिहिणार आहे. म्हणजे या दिवसांत सकाळी दहाच्या आत, आणि यापुढे त्या वेळी विमान मिळतं फक्त मंगळवारी आणि गुरुवारी. आता खरा प्रश्न: आठवड्यातून दोनदा सकाळी साडेअकराला ऑफिसात पोचायचं, तर बॉसला डेंटिस्टचं कारण किती वेळा सांगता येतं?

ढोल्या:

दात बत्तीस असतात.