मदत हवी आहे: पीएमईजीपी (नव्या उद्योगासाठी कर्ज आणि सरकारी अनुदान) की मुद्रा (छोट्या धंद्याचं कर्ज)? वडाळा गाव, नाशिक

एका मुस्लिम ताईंसाठी विचारतेय. घरी बुरखे आणि शाळेचे गणवेश शिवतात. आता दोन जुकी शिलाई मशीन, एक ओव्हरलॉक मशीन आणि कटिंग टेबल घेऊन युनिट टाकायचंय. कोटेशन ४,२०,००० चं.

पीएमईजीपीत महिला आणि अल्पसंख्याक विशेष गटात, त्यामुळे स्वतःचा हिस्सा ५ टक्के, म्हणजे २१,०००. वडाळा मनपा हद्दीत असल्याने अनुदान ग्रामीण भागाचं ३५ नव्हे, शहरी २५ टक्के. इथवर ठीक. पण योजना फक्त नव्या युनिटला, आणि ताईंनी उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी ऑनलाइन नोंदणी) आधीच करून ठेवलीय (फुकट होते म्हणून कुणीतरी काढून दिली!). धंदा सगळा रोखीत, त्यामुळे पासबुकात उलाढाल दिसत नाही.

दुसरा घोळ नावाचा. आधारवर नवऱ्याचं नाव, पॅनवर वडिलांचं. निकाहनामा उर्दूत आहे. मराठी भाषांतर नोटरी करून दिलं, तरी बँक गॅझेट (नावबदलाची राजपत्रातली नोंद) मागते. घर सासऱ्यांच्या नावावर. त्यांचं संमतीपत्र आणि वीजबिल तयार आहे. तारण द्यायला काही नाही, तरी शाखेत जामीनदार मागतात. एवढ्या छोट्या कर्जाला तारण मागू नये असा रिझर्व्ह बँकेचा नियम दाखवला, उपयोग शून्य.

मुद्रा घ्यायचं तर शिशु गटाचे ५०,००० इथे पुरणार नाहीत, त्यावरचा किशोर गटच लागेल.

ज्यांची फाइल जिल्हा उद्योग केंद्रातून मंजूर झालीय त्यांनी सांगा: घरगुती शिलाईची जुनी उद्यम असेल तर पीएमईजीपीत युनिट 'जुनं' धरतात का? आणि गॅझेटऐवजी एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र चाललं का?