चीज फॉन्ड्यूचा गोळा का होतोय? आणि सोबत डिप काय ठेवू?

पोळीभाजी_कंटाळा: लेकीच्या वाढदिवसाला हॉटेलात फॉन्ड्यू (वितळलेल्या गरम चीजमध्ये पावाचे तुकडे बुडवून खातात ते) खाल्लं तेव्हापासून घरात एकच धोशा, आई घरी कर ना. काल केलं. मोझरेला किसून दुधात घातलं, गॅस मोठा ठेवला कारण वितळतच नव्हतं, शेवटी खाली च्युइंगमसारखा गोळा आणि वर तूप सुटल्यासारखं तेल. लेक म्हणे आई हे चीज नाही रबर आहे. शनिवारी भाचरं येणारेत, वाइन घालायची नाहीये. काय चुकलं? आणि डिप काय करू, मेयो-केचप सोडून?

बटरमस्का: मोझरेलाच चुकलं हो. ते पिझ्झावर तार निघायला असतं, एकटं वापरलं की फॉन्ड्यूत गोळाच होतो. आणि मोठा गॅस म्हणजे तर संपलंच, प्रथिनं आवळून बसतात आणि तेल बाहेर.
साधं अमूलचं प्रोसेस्ड चीज घ्या, नाक मुरडू नका, त्यात सोडियम सायट्रेट असतं आणि त्यामुळेच ते गुळगुळीत वितळतं. चौघांना २०० ग्रॅम ते आणि १०० ग्रॅम गौडा. दोन्ही किसून त्याला २ छोटे चमचे कॉर्नफ्लोअर कोरडंच चोळा. जाड बुडाच्या भांड्याला आतून लसूण घासा, १५० मिली पाणी गरम करा, उकळी नको, त्यात १ छोटा चमचा लिंबूरस, मग चीज मूठमूठ घालत मंद आचेवर ढवळत राहा, आधीची मूठ विरघळल्याशिवाय पुढची नाही. घट्ट झालं तर गरम पाणी चमच्याने. दूध घालू नका, लिंबाने नासेल. शेवटी मिरपूड, जायफळ किसून. मीठ चाखल्याशिवाय अजिबात नको, चीज आधीच खारट असतं.

आल्प्समधला_मराठी: वरच्यांशी सहमत, फक्त वाइनचं काम नुसतं चवीचं नसतं हे सांगतो. चीजमधली प्रथिनं कॅल्शियमने एकमेकांना धरून असतात, वाइनमधलं आम्ल ती पकड सैल करतं, तुमच्याकडे तेच काम लिंबू करेल. इथे स्वित्झर्लंडात फ्रीबुर्गकडे ग्रुयेर आणि वाशरँ ही दोन चीजं निम्मी निम्मी घालतात, त्याला मोआतिए-मोआतिए म्हणतात, नेहमीच्या फॉन्ड्यूला माणशी साधारण २०० ग्रॅम चीज (हो, माणशी, आणि वर ब्रेड, मग रात्री झोप येत नाही ती वेगळी). आपल्या शाकाहारी लोकांसाठी एक, अस्सल ग्रुयेरमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट (चीजसाठी दूध घट्ट करणारं विरजण) असतं, त्यामुळे घेताना हिरवा ठिपका बघा. ढवळताना इंग्रजी आठच्या आकड्यासारखं ढवळायचं, नुसतं गोल फिरवलं की मधलं तसंच राहतं. फाटलं तर फेकू नका, चमचाभर कॉर्नफ्लोअर लिंबूपाण्यात कालवून घाला आणि मंद आचेवर जोरात फेटा, बहुतेक वेळा जमून येतं.

बटरमस्का: हो आणि पाव ताजा लुसलुशीत लादीपाव नको, काट्यावरून सुटून भांड्यात बुडतो. आदल्या दिवशीचा ब्रून पाव घ्या, प्रत्येक तुकड्याला थोडी कडक कड राहील असा कापा. उकडलेले छोटे बटाटे, वाफवलेली ब्रोकोली, गाजरही चालतं.

खर्डा_प्रेमी: डिपचं मी सांगते. मुळात फॉन्ड्यू हेच डिप, त्यात परत चीझी डिप ठेवलं की सगळंच जड, म्हणून आंबट-तिखट ठेवा. माझ्याकडे हमखास संपतो तो चक्का, दही रात्रभर फडक्यात टांगायचं, सकाळी त्यात किसलेला लसूण, मीठ, बारीक कोथिंबीर, पुदिना. दुसरं, टोमॅटो आणि लाल ढोबळी मिरची गॅसवर जाळून साल काढून मिक्सरला, वर चमचाभर तेल आणि जिरेपूड. तिसरं मोठ्यांसाठी, हिरव्या मिरचीचा खर्डा दोन चमचे मेयोत, लहानांना देऊ नका नाहीतर भाचरं परत येणार नाहीत.

पोळीभाजी_कंटाळा: धन्यवाद सगळ्यांना!! ट्रायल म्हणून आजच अर्ध्या मापाने केलं, जमलं. मेणबत्तीवर ठेवलं होतं पण ती पुरत नाही, दहा मिनिटांत घट्ट व्हायला लागलं.

आल्प्समधला_मराठी: छोटी मेणबत्ती चॉकलेटला ठीक, चीजला कमी पडते. स्पिरिटचा दिवा नसेल तर इंडक्शन टेबलावर आणून सगळ्यात कमीवर ठेवा. आणि शेवटी तळाला खरपूस पापुद्रा राहील तो घासून टाकू नका, इकडे त्याला रलिजिएझ म्हणतात आणि त्यावरून भांडणं होतात.

पोळीभाजी_कंटाळा: अरे देवा, तो मी आत्ताच पाण्यात भिजत घातला 😭

खर्डा_प्रेमी: आमच्याकडे बासुंदीच्या खरवडीवरून भांडतात तसंच की हे! शनिवारी मात्र भांडं सिंकमध्ये नेऊ नका.