दोनदा रंग देऊनही पश्चिमेच्या भिंतीची ओल थांबत नाही

चटणीचं_कपाट (फुलेवाडी)

नमस्कार. कोल्हापुरात फुलेवाडी रिंगरोडजवळ आमचं दुमजली घर आहे, २००९ सालचं. वीटकाम, बाहेरून सँडफेस गिलावा. वरच्या मजल्यावरच्या पश्चिमेच्या खोलीत, खिडकीच्या उजव्या हाताला, फरशीपासून अडीच फुटांवर ओलीचा डाग येतो. पावसाळ्यात पंचगंगेवरचा राजाराम बंधारा पाण्याखाली गेल्याची बातमी आली की दोन दिवसांत आमचा डाग हजर. गणपतीपर्यंत पोपडे सुटतात, दिवाळीला कोरडं. त्याच भिंतीला आईचं कपाट आहे, आत वर्षाची कांदा-लसूण चटणी. यंदा दोन बरण्यांना बुरशी आली. पुढचं रामायण इथे लिहीत नाही.

२०२१ च्या पावसानंतर आणि परत गेल्या वर्षी बाहेरून वॉटरप्रूफ रंग दिला. दुसऱ्या वेळी पूर्ण घराचे ३८ हजार गेले. रंगारी म्हणतोय, आता रबरासारखा जाड कोट मारू. एक ठेकेदार म्हणतो, अख्खी बाजू ठोकून नवीन गिलावा करा. पाणी शिरतंय कुठून, हे दोघांपैकी एकानेही सांगितलेलं नाही. कुणाला अनुभव आहे का?

रंकाळ्यावर_फेरी

भिंतीला लागून बाथरूम आहे का? आम्ही वर्षभर गच्चीला शिव्या घातल्या, निघाली नळाची पाईप. उन्हाळ्यात डाग पूर्ण वाळतो का?

चटणीचं_कपाट

बाथरूम पार पलीकडच्या टोकाला. एप्रिल-मेमध्ये भिंत खडखडीत असते.

थापी_ओळंबा (कसबा बावडा)

ताई, तीस वर्षं गवंडीकाम करतोय, म्हणून सांगतो. उन्हाळ्यात वाळतंय म्हणजे पाईप न्हवं. वरच्या मजल्यावर आहे म्हणजे जमिनीतनं चढलेली ओलही न्हवं. पश्चिमेला गगनबावड्याकडनं झड येते ती तुमच्या त्याच भिंतीवर आपटते, पाणी पावसाचंच. पण डाग दिसतोय तिथनंच ते आत येतंय असं धरू नका. वर कुठंतरी शिरतंय, विटांच्या सांध्यातनं उतरतंय आणि वाट घावंल तिथं फुटतंय.

आत्ता पावसात काही करू नका. दसऱ्यानंतर भिंत वाळली की थापीच्या मुठीनं बाहेरनं गिलावा ठोकत जा. बद्द आवाज आला की खडूनं खूण करा, तिथं गिलाव्यानं वीट सोडलेली असते. बीम आणि वीटकाम मिळतंय तिथं सरळ रेघेत चीर आहे का बघा. काँक्रीट आणि वीट उन्हानं सारखी फुगत न्हाईत, मधे जाळी घातली नसंल तर गिलावा तिथं फाटतोच.

मग पाईप लावून पाणी मारा, पण खालनं वर. आधी डागाखालची भिंत, वीस मिनिटं. आत एक माणूस डागाकडं डोळे लावून बसवा. काही न्हाई आलं तर खिडकीची सिल, मग चौकटीच्या बाजू, मग खिडकीवरचा छज्जा, सगळ्यात शेवटी गच्चीचा कठडा. वरनं सुरू केलं तर पाणी सगळीकडनं ओघळणार, मग काय कळणार? जोराची धार नको, पावसासारखं वाहू द्या. आणि घाई नको, कधीकधी ओल आत यायला दोन तास लागतात. एक दिवस सिलीला, दुसरा छज्ज्याला, असं केलं तरी चालतंय.

रबरी कोटाचं म्हणाल तर, चीर तशीच ठेवून आणि भिंत ओली असताना मारला की आत शिरलेल्या पाण्याला बाहेर वाळायची वाटच राहत न्हाई. मग ते तुमच्या चटणीकडंच येणार.

चटणीचं_कपाट

दिवाळीनंतरची खबर देते. सिलीला काही नाही, चौकटीलाही नाही. छज्ज्यावर पाणी सोडून पाऊण तास झाला आणि आतून आईची हाक आली.

शिडी लावून बघितलं तर छज्ज्याचा ढाळ उलटा, भिंतीकडे. कडेला चिखलाचा थर, त्यात वीतभर पिंपळ, आणि छज्जा भिंतीला मिळतो तिथे टोकापासून टोकापर्यंत चीर. छज्ज्याच्या वरच्या अंगाला रंगच नव्हता! दोन्ही वेळा रंगाऱ्याने खालून दिसतं तेवढंच रंगवलं होतं.

गवंड्याने चीर खोलवर कापून पॉलिमर मिसळलेल्या मालाने भरली, ढाळ बाहेर काढला, कोपऱ्यात गोल वाटा, म्हणजे मालाची गोलाई, मारला. खालच्या कडेला पाणी तुटून पडावं म्हणून खाच ठेवली. खिडकीच्या बाजूला दोन बाय तीन फुटांचा गिलावा बद्द वाजत होता, तो विटेपर्यंत काढला. वीट भिजवून, जाळी ठोकून, एकास चार सिमेंट-वाळूचा माल दोन थरांत. सात दिवस पाणी मी मारलं. परांचीसकट ११ हजार झाले. मग परत तासभर छज्ज्यावर पाणी सोडलं, आत काही आलं नाही.

थापी_ओळंबा

झकास. पिंपळ मुळासकट काढला न्हवं? नुसता छाटला तर परत फुटतोय.

चटणीचं_कपाट

मुळासकट. त्यासाठी छज्ज्याची कड फोडावी लागली. कपाट मात्र अजून खोलीच्या मधोमध आहे. आई म्हणते, पुढचा आषाढ बघून मग सरकवू.