अपेंडिक्स फुटून गोळा झालाय, आत्ता ऑपरेशन की सहा आठवडे थांबायचं?

सांजवारा:
मोठ्या भावाचं अपेंडिक्स फुटलंय, वय ४४. पोट दुखत होतं तर गॅस गॅस म्हणून गोळ्या खात बसला, मधे दुखायचं एकदम कमी झालं म्हणून आम्हीपण निर्धास्त, आणि मग थंडी वाजून ताप. सीटीमधे उजवीकडे खाली गोळा दिसतोय, त्यात ५ सेंमीची पूची पिशवी. अ‍ॅडमिट आहे, सलाईनमधून अँटिबायोटिक चालू. एक सर्जन म्हणतात नळी घालून पू काढू, ऑपरेशन नंतर बघू. दुसरे म्हणतात दुर्बिणीने आत्ताच उरकू. दोघंही अनुभवी, आम्ही मधे लटकलोय. कोणाचं ऐकायचं?

खिडकीपाशी:
माझं थांबूनच केलं होतं. त्रास झाला नाही पण मधले दिवस जरा पोटात कळ आली की धास्ती.

निशाचर:
सर्जरीतच आहे म्हणून लिहितो, पण रिपोर्ट न बघता निर्णय देणार नाही. दुखणं अचानक कमी झालं तेव्हाच बहुतेक फुटलं असणार, आतला दाब गेला की तसं होतं, फसवं असतं ते. फुटून पू सगळ्या पोटात पसरला, पोट फळीसारखं कडक झालं तर वाट बघायचा प्रश्नच नाही, लगेच ऑपरेशन. तुमच्या भावाच्या बाबतीत आतड्यांनी आणि चरबीच्या पडद्याने ते वेढून टाकलंय, म्हणून तर दोन मतं आहेत. अशा वेळी सगळं सुजून एकमेकाला चिकटलेलं असतं, अपेंडिक्स सोडवताना आतड्याला इजा होऊ शकते, कधी कधी मोठ्या आतड्याचा भागच काढावा लागतो. त्याच भीतीने थांबायची पद्धत पडली. पण अपेंडिक्सच्या उपचारांवर सर्जन मंडळींनी काढलेल्या २०२० च्या जेरुसलेम गाइडलाइन्स म्हणतात की दुर्बिणीचा चांगला हात असलेला सर्जन असेल तर आत्ता करायला हरकत नाही, उलट तेच करा, नसेल तर अँटिबायोटिक आणि जमेल तिथे नळी. म्हणजे दोघांपैकी कोणीच चुकीचं सांगत नाहीये. दुसऱ्या सर्जनना सरळ विचारा, फुटून गोळा झालेल्या केसेस तुम्ही नेहमी करता का, आणि पोट उघडावं लागलं तर तयारी आहे का. चांगला सर्जन या प्रश्नावर चिडत नाही.

तिरकस:
अँटिबायोटिकने बरं झालं तर नंतर तरी काढायचं कशाला मग? डॉक्टर लोकांना कापायची हौस.

निशाचर:
@तिरकस हौस वगैरे सोडा, प्रश्न मात्र बरोबर आहे. लहान मुलं किंवा तरुण असतील आणि पुन्हा त्रास नसेल तर सगळ्यांचं काढायलाच पाहिजे असं आता मानत नाहीत. परत उद्भवायचं प्रमाण साधारण १२ ते २४ टक्के धरतात. पण चाळिशीच्या पुढे गोष्ट वेगळी, अशा गोळ्याच्या आड कधी कधी गाठ निघते, कॅन्सरची सुद्धा. फिनलंडमधे याच विषयावरचा एक अभ्यास चाळिशीपुढच्यांमधे गाठी इतक्या सापडल्या म्हणून मधेच थांबवला होता.

सांजवारा:
बापरे, हे कोणीच बोललं नाही आम्हाला. म्हणजे थांबलो तर नंतर काय काय करून घ्यायचं?

निशाचर:
घाबरू नका, बहुतेकांना काही निघत नाही. कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची आतून दुर्बिणीने तपासणी, आणि परत एक सीटी, आणि तुमच्या भावाच्या वयाला मी तरी अपेंडिक्स काढूनच घ्या म्हणेन. ऑपरेशन कधीही होवो, काढलेला तुकडा तपासणीला जातोय ना ते बघा आणि तो रिपोर्ट मागून घ्या. आणि नळी घातल्यावरही दोन-तीन दिवसांत ताप उतरला नाही किंवा पोट फुगायला लागलं तर थांबायचा प्लॅन रद्द, हे आधीच सर्जनशी बोलून ठेवा.